राणीला फ्रेंचमध्ये ‘रेन’ म्हणा, पण प्रत्येक राणीला नाही

अजिंक्यताऱ्यावर फ्रेंच पाहुण्यांना घेऊन जाणारे गाइड असोत, महाबळेश्वरला घरगुती मुक्काम चालवणारे असोत, नाहीतर सांगलीत फ्रेंचचा क्लास लावलेली मुलं. ‘राणी’साठी सगळे एकच शब्द पाठ करतात: रेन. शब्द बरोबर आहे. तो कुठे चालतो आणि कुठे फसतो, एवढं माहीत हवं.

आधी उच्चार. स्पेलिंग आर, ई, आय, एन, ई. ‘र’ जिभेच्या टोकानं नाही, घशातून येतो. स्वर ‘रे’ आणि ‘रॅ’च्या मधला. शेवटचा ‘ई’ ऐकू येत नाही, पण त्याच्यामुळे ‘न’ स्पष्ट वाजतो. लिहिताना तो ‘ई’ गळला तर उरतो ‘रॅं’, नाकातून म्हणायचा, आणि त्याचा अर्थ मूत्रपिंड! अनेकवचनात तोच शब्द कंबरदुखी सांगायला वापरतात. ‘आय’ आणि पहिल्या ‘ई’ची अदलाबदल करून शेवटचा ‘ई’ सोडला की होतं ‘रियँ’, म्हणजे काहीच नाही. उलट रेनडिअर, घोड्याचा लगाम आणि रेन नावाचं शहर यांचं स्पेलिंग वेगळं असूनही उच्चार हुबेहूब राणीसारखाच, त्यामुळे ऐकताना संदर्भ पाहायचा.

शब्द स्त्रीलिंगी: ‘ला रेन’, एक राणी म्हणजे ‘उन रेन’. अनेकवचनात ‘एस’ लागतो, पण तो मुका. नावाआधी पदवी आली तरी ‘ला’ सोडायचा नाही: ‘ला रेन ताराबाई’. वाक्याच्या मधे पहिलं अक्षर लहानच. तोंडावर बोलताना मात्र ‘रेन’ म्हणून हाक मारत नाहीत. आधी ‘व्होत्र माजेस्ते’, पुढे ‘मादाम’.

साताऱ्यात खरी अडचण इतिहास सांगताना येते. फ्रान्सच्या गादीवर स्वतःच्या हक्कानं एकही स्त्री बसली नाही. त्यामुळे तिथल्या इतिहासात नुसतं ‘रेन’ म्हटलं की फ्रेंच माणसाच्या डोळ्यापुढे राजाची बायको येते. ताराबाईंनी १७०० ते १७०७ मुलाच्या नावानं कारभार चालवला, मोगलांशी लढाई चालू ठेवली. त्यांना नुसतं ‘रेन’ म्हणणं म्हणजे कर्तबगारी झाकणं. ‘रेन रेजाँत’ म्हणा. फ्रान्समध्ये चौदाव्या लुईच्या लहानपणी त्याची आई आन दोत्रिश हिनं १६४३ ते १६५१ असाच कारभार पाहिला, तेव्हा पाहुण्याला लगेच कळतं. राजमातेला ‘रेन मेर’. स्वतःच्या हक्कानं राज्य करणारी असेल तर ‘रेन रेन्यांत’. युवराजाची बायको ‘दोफीन’: मारी आंत्वानेत १७७० पासून दोफीन होती, रेन झाली ती १७७४ मध्ये.

थोरल्या आणि धाकट्या राणीसाहेबांना फ्रेंचमध्ये तयार शब्दच नाही, कारण तिथे राजाला एका वेळी एकच राणी. साताऱ्याच्या शाहू महाराजांच्या सकवारबाई आणि सगुणाबाई दोघींबद्दल बोलताना ‘दोन पत्नी’ असं सरळ सांगून मग नावं घ्यावीत. ‘पहिली रेन, दुसरी रेन’ म्हटलं की ऐकणाऱ्याला एक वारली आणि दुसरी आली असं वाटतं.

राजवाडा सोडला की सगळ्यात उपयोगी ठिकाण म्हणजे मधपेटी. महाबळेश्वर तालुक्यात, मांघरच्या बाजूला पेट्या दाखवताना राणीमाशीला बिनधास्त ‘ला रेन’ म्हणा. राणी हरवलेली वसाहत ‘ऑर्फलीन’, म्हणजे पोरकी. राणीला मधकोठीत जाऊ न देणारी जाळी ‘ग्रिय आ रेन’. पण तिची साधारण ४.२ मिमीची फट युरोपीय माशीच्या मापाची. आपली सातेरी लहान, तिची राणी त्यातून निघून जाऊ शकते, म्हणून तिकडची जाळी इथे बसवून उपयोग नाही. राणी कोणत्या वर्षीची ते कळावं म्हणून तिच्या पाठीवर लावतात तो रंगाचा ठिपका मात्र सगळीकडे एकाच हिशेबाचा: ते वर्ष १ किंवा ६ ने संपत असेल तर पांढरा, २-७ पिवळा, ३-८ लाल, ४-९ हिरवा, ५-० निळा. म्हणजे २०२६ च्या राणीला पांढरा.

पटावर गंमत उलटी. सांगलीच्या बुद्धिबळवाल्यांचा वजीर फ्रेंचमध्ये ‘दाम’, म्हणजे बाईसाहेब. ‘रेन’ही कानावर येतं, पण चाली लिहिताना ‘डी’च. ‘आर’ आधीच राजाला, म्हणजे ‘रुआ’ला दिलेला आहे. इंग्रजी नोंदीची सवय असलेला खेळाडू फ्रेंच नोंद वाचताना ‘आर’ दिसला की हत्ती हलवतो आणि डाव जुळेनासा होतो. हत्ती तिथे ‘टी’, घोडा ‘सी’, उंट ‘एफ’. पत्त्यांतही तेच: बदामची राणी म्हणजे ‘दाम द कर’, रेन नाही.

अॅस्टरची फुलं लावणाऱ्यांसाठी: तेच फूल फ्रेंचमध्ये ‘रेन-मार्गरीत’. ‘रेन-क्लोद’ हे हिरवट आलुबुखार, राणी क्लोदच्या नावावरून. दोन्हींच्या अनेकवचनात दोन्ही शब्दांना ‘एस’ लावायचा. ‘ला पतीत रेन’, छोटी राणी, म्हणजे सायकल. आणि घरातल्या चिमुरडीला लाडानं राणी म्हणायचं असेल तर तिथे ‘मा प्रँसेस’ जास्त शोभतं.