एजंटसाठी पेआउटच्या टूलची माहिती लिहिताय? या चुका टाळा

दिंडोरी रोडवरच्या एका बेदाणा व्यापाऱ्याला आम्ही एआय एजंट लावून दिला होता. हिशेब बघणाऱ्या ताईंनी मराठीत विचारायचं, एजंटने पेमेंट गेटवेवरून (ग्राहकांचे ऑनलाइन पैसे घेऊन आपल्याला देणारी सेवा) पेआउटची, म्हणजे इथे बँकेत आलेल्या रकमांची, यादी आणायची आणि उत्तर द्यायचं. पहिल्याच आठवड्यात ताईंचा फोन आला: “दादा, तुमचं हे यंत्र म्हणतंय काल ४८ लाख ६३ हजार जमा झाले. एवढा बेदाणा तर आमच्या गोडाउनमध्ये पण नाही!”

जमा झाले होते ४८,६३५ रुपये. गेटवेने रुपयांऐवजी पैशांत हिशेब करून ४८६३५०० हा आकडा पाठवला होता आणि टूलच्या, म्हणजे एजंट ज्यातून ही यादी मागवतो त्या सोयीच्या, वर्णनात मी नुसतं ‘अमाउंट: रक्कम’ एवढंच लिहून मोकळा झालो होतो. डेव्हलपरला असा आकडा दिसला तर तो चार जणांना विचारतो. एजंट विचारत बसत नाही, समोर आहे तेच खरं धरतो. आता मी लिहितो: ‘रक्कम पैशांत, पूर्णांकात, रुपयांसाठी १०० ने भागा.’ परदेशी ग्राहक असतील तर चलनाचा कॉलमही बघायला सांगा. स्ट्राइप या गेटवेवर जपानी येनला भागायचंच नसतं आणि कुवेती दिनारचे हजार भाग असतात.

पहिल्या पानाला पूर्ण यादी समजणं

ही चूक सगळ्यात महागात पडते, कारण उत्तर खरं वाटतं. स्ट्राइपची पेआउट यादी काही सांगितलं नाही तर १० नोंदी देते, लिमिट वाढवून जास्तीत जास्त १००, आणि नव्या नोंदी आधी. म्हणजे महिन्यात २२ पेआउट झाले असतील तर एजंटच्या हातात शेवटचे १० येतात, तो त्यांची बेरीज करतो आणि ‘महिन्याची एकूण रक्कम’ म्हणून ठेवून देतो. ४८ लाखांची चूक ताईंनी ऐकताक्षणी पकडली. ही मात्र बँकेचं पासबुक घेऊन बसल्यावर सापडली, तेही पंधरा दिवसांनी.

‘पेजिनेशनची सोय आहे’ (यादी पानापानाने मिळते) या वाक्याचा इथे काही उपयोग नाही. काय करायचं ते लिहा: उत्तरात ‘हॅज मोअर’ (अजून नोंदी आहेत) खरं असेल तर शेवटच्या नोंदीचा आयडी ‘स्टार्टिंग आफ्टर’मध्ये (इथून पुढच्या नोंदी द्या) देऊन टूल पुन्हा बोलवा, आणि ते खोटं येईपर्यंत बेरीज सांगू नका. मधेच थांबावं लागलं तर किती नोंदी पाहिल्या ते सांगा.

पेआउट म्हणजे काय, हेच न लिहिणं

स्ट्राइपच्या भाषेत पेआउट म्हणजे तुमच्या शिल्लक रकमेतून तुमच्याच बँक खात्यात आलेले पैसे. रेझरपे या दुसऱ्या गेटवेमध्ये त्याला सेटलमेंट म्हणतात. तिथे पेआउट म्हणजे तुम्ही पुरवठादाराला किंवा कामगाराला पाठवलेले पैसे. एकात पैसे आत येतात, दुसऱ्यात बाहेर जातात! वर्णनाचं पहिलंच वाक्य यावर खर्च करा. आणि ही रक्कम विक्रीची नाही, फी आणि रिफंड वजा जाऊन उरलेली आहे, हेही टाका. नाहीतर एजंट तिला ‘उलाढाल’ म्हणेल आणि जीएसटीच्या कागदापर्यंत पोचवेल.

तारीख कोणती आणि घड्याळ कुठलं

पेआउट तयार झाल्याची तारीख वेगळी, बँकेत पोचण्याची वेगळी. दोन्हींवर फिल्टर लावता येतो, त्यामुळे कोणत्या प्रश्नाला कोणता, ते सांगावं लागतं. शिवाय वेळ युनिक्स सेकंदांत (१ जानेवारी १९७० पासून मोजलेल्या) येते आणि एजंट ती सहसा यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, वाचतो. आपण साडेपाच तास पुढे. १ एप्रिलला पहाटे २:१० ला तयार झालेला पेआउट तिकडे ३१ मार्चच्या रात्री ८:४० चा ठरतो, म्हणजे मागच्या आर्थिक वर्षात जाऊन बसतो. वर्णनात भारतीय वेळेचा स्पष्ट उल्लेख हवा. दुसऱ्या-चौथ्या शनिवारी बँका बंद असतात, तेव्हा ‘उद्या जमा होईल’ असं ठोकून सांगू नको, हेही मी एका ओळीत घालतो.

‘पेड’ दिसलं की विषय संपवणं

स्ट्राइपवर पेंडिंग, इन ट्रान्झिट, पेड, फेल्ड, कॅन्सल्ड अशा पाच अवस्था आहेत. त्यांत खोच अशी की फसलेला एखादा पेआउट आधी पेड दिसतो आणि नंतर फेल्ड होतो. म्हणून प्रत्येक अवस्थेपुढे अर्थ लिहा, आणि खात्री हवी असेल तर बँकेच्या नोंदीशी ताळा करायला सांगा.

बाकीचं थोडक्यात. रिकामी यादी म्हणजे ‘पेआउट नाहीत’. परवानगी नाकारली गेली तर ती चूक आहे. दोन्हींचं उत्तर वेगळं लिहा, नाहीतर गेटवेच्या ‘की’ची (आत शिरायच्या गुप्त कोडची) मुदत संपली असताना एजंट ‘या महिन्यात काही आलं नाही’ असं सांगून मालकाची झोप उडवेल. हे टूल फक्त वाचतं, पैसे हलवत नाही, हेही लिहा. मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉलमध्ये (एजंटला टूल जोडायच्या ठरलेल्या पद्धतीत) त्यासाठी ‘रीड ओन्ली’ची खूण आहे, पण ती नुसती सूचना आहे. खरं कुलूप ‘की’च्या परवानगीतच लावा.

नवं वर्णन चढवलं की तपासायला मी माझे प्रश्न घालत नाही, ताईंचे घालतो. मार्चअखेरीला त्यांनी विचारलं, “३१ तारखेपर्यंत किती आले?” एजंटने उलट विचारलं, “त्या तारखेपर्यंत निघालेले, की बँकेत पोचलेले?”

ताई म्हणाल्या, “आमचे सीए पण हेच विचारतात.”