आजोबांचं आयुष्य लिहून ठेवायचंय? मग आधी शेतात चला

नव्वदी पार केलेला, जन्मभर रानात राबलेला माणूस गेला की घरात सगळे म्हणतात कुणीतरी लिहून ठेवायला पाहिजे, आणि मग लिहिलं जातं काय तर प्रेमळ, कष्टाळू, शिस्तीचे. हे कुणाच्याही आजोबांना लागू पडतं हो. अशा माणसाची आठवण त्याच्या कामातून आणि जागांमधून लिहावी असं मला मनापासून वाटतं, आणि वर्षश्राद्धापर्यंत ते आरामात होतं.

आधी वयाचा घोळ मिटवा. शाळेच्या दाखल्यावर १ जून असेल तर ती खरी जन्मतारीख धरू नका, नाव घालताना गुरुजी सरसकट तीच तारीख टाकायचे, गावात १ जूनवाली म्हातारी माणसं ढिगाने सापडतील. आत्याला, चुलत आजोबांना नुसतं साल विचारून काही हाती लागत नाही, त्या पिढीने प्रसंग लक्षात ठेवले. म्हणून असं विचारा, नवे पैसे आले (१ एप्रिल १९५७) तेव्हा आजोबांचं लग्न झालं होतं का, कोयनेच्या भूकंपाला (११ डिसेंबर १९६७ ची पहाट) थोरला केवढा होता, किल्लारीच्या भूकंपावेळी (३० सप्टेंबर १९९३) शेत कोण बघत होतं. एवढ्यावर निम्मं आयुष्य सालवार लागतं.

७२ च्या दुष्काळाला मात्र वेगळी पानं ठेवा, तिथं घाई करू नका. कुठल्या दुष्काळी कामावर होते, खडी फोडायला का पाझर तलावावर, आठवड्याला पगार किती मिळायचा, कामावर मिळणारी सुकडी खाल्ली का, ती लाल मिलो ज्वारी कशी लागायची, बैल विकले का कसेबसे जगवले, आणि विकले असतील तर परत जोडी कधी झाली. तो तलाव अजून असेल तर तिथं जाच आणि बांधाचा फोटो काढा, त्या बांधात त्यांच्या हातची माती आहे, याच्याएवढी मोठी आठवण दुसरी कुठली असणार.

मग शेतात चला. घरात बसून माणसं चार वाक्यात संपवतात, पण बांधावर उभं केलं की आत्या आपोआप बोलायला लागते, हे वावर कुणाकडून घेतलं, विहीर किती परस (पुरुषभर उंचीचं माप) खोल गेली, सुरुंग कुणी लावले, मोट बंद होऊन इंजिन कधी बसलं, हा आंबा कुणी लावला. प्रत्येक वावराचं नाव आणि प्रत्येक बैलाचं नाव लिहून घ्या, हे कुठल्याच कागदावर नसतं. फोनवर रेकॉर्डिंग करताना माइकवर पातळ रुमाल धरा नाहीतर नुसता वारा ऐकू येतो. जुना सालगडी असेल तर त्याला नक्की भेटा, तो घरच्यांपेक्षा खरं सांगतो.

कागदांत जुना सातबारा आणि फेरफार (जमिनीच्या मालकीतल्या बदलांची नोंद) काढा. जमीन कधी घेतली, वाटण्या कधी झाल्या ते फेरफारात असतं, आणि सातबाऱ्यावरच्या 'इतर हक्क' रकान्यात सोसायटीच्या कर्जाचा बोजा चढलेला-उतरलेला दिसला की कळतं माणसाने किती ओझं वाहिलं. काही जिल्ह्यांचे जुने उतारे 'आपले अभिलेख' या सरकारी संकेतस्थळावर थोडी फी भरून मिळतात, नाहीतर तहसीलला अर्ज करा.

लिहायला बसलात की जन्मापासून सुरू करू नका, त्यांचा एक दिवस लिहा, मृगातला किंवा सुगीतला. किती वाजता उठायचे, पायात काय असायचं, आभाळाकडे बघून काय म्हणायचे, 'पडतील स्वाती तर पिकतील माणिक मोती' असलं काही तोंडात असायचं का, खळ्यावर झोपायला का आवडायचं. रागीट असतील तर तेही लिहा, बांधावरून झालेली भांडणंपण लिहा, गुळगुळीत केलेला माणूस ओळखू येत नाही. आणि ते रानात असताना भाकरी डोक्यावरून घेऊन जाणारी, धारा काढणारी, खुरपायला वाकणारी आजी त्याच पानांवर यायला हवी, तिच्याशिवाय ते नव्वदीला पोचलेच नसते.

फोटो शेतातलाच घ्या, स्टुडिओतला टोपी घातलेला शेवटच्या पानावर. अक्षर मोठं ठेवा, आणि छापायच्या आधी कच्ची प्रत आत्याला वाचून दाखवा, नावं आणि नाती तीच दुरुस्त करेल.