जुन्या इंजिनाला ऑटोमॅटिक जोडताय? या चुका टाळा

मॅन्युअलवालं जुनं इंजिन चांगलं चालतंय, ऑटोमॅटिक गिअरबॉक्स हाताशी आहे, अ‍ॅडॉप्टर प्लेट (इंजिन आणि बॉक्स एकमेकांना जुळावेत म्हणून मध्ये बसवायची प्लेट) आली, आता शनिवारी खोलायचं आणि रविवारी गाडी बाहेर काढायची. हा प्लॅन कोणी सांगितला की मी मनातल्या मनात त्याला परत गाडीखाली झोपलेला बघतो. घोळ बेलहाऊसिंगच्या, म्हणजे इंजिनाला टेकणाऱ्या बॉक्सच्या पुढच्या घंटेसारख्या कवचाच्या, बोल्टांपाशी क्वचितच असतो, तो असतो क्रँकशाफ्टच्या मागच्या टोकाला, आणि नेमकं तिथेच व्हर्नियर लावायचा सगळ्यांना कंटाळा.

माझी सगळ्यात दुखरी नस म्हणजे बोल्ट आवळून गिअरबॉक्स ओढून घेणं. टॉर्क कन्व्हर्टर (क्लचच्या जागी असणारा, तेलातून ताकद पुढे देणारा गोल डबा) बॉक्समध्ये एका दणक्यात बसत नाही, इनपुट शाफ्टचे स्प्लाइन (दाते), मग स्टेटरचे स्प्लाइन, मग पंपाच्या खाचा, असं फिरवत फिरवत ढकललं की दोन-तीनदा खट् करून आत जातो. शेवटचा खट् राहिला तर कन्व्हर्टर तेवढा पुढे राहतो आणि बेलहाऊसिंग ब्लॉकला टेकत नाही. मी नवखा होतो तेव्हा असंच बोटभर अंतर राहिलं होतं, मदतीला आलेला म्हणाला बोल्ट लावू, येईल जवळ. आलंच. मग क्रँक हाताने फिरेना, तर आम्ही दोघं म्हणे इंजिन नवीन बांधलंय, टाइट असणारच! चालू केलं, कर्कश आवाज, गाडी जागची हलेना. खोललं तर पंपाचा गिअर तुटलेला आणि तेलात चंदेरी चुरा, तो पार कूलरपर्यंत पोचलेला. तेव्हापासून नियम एकच, बेलहाऊसिंग हाताने टेकलं नाही तर पान्याला हात लावायचा नाही, आणि प्रत्येक बोल्टानंतर कन्व्हर्टर हाताने फिरवून बघायचा.

आता माप. बेलहाऊसिंगच्या तोंडापासून कन्व्हर्टरच्या पॅडपर्यंतची (जिथे तो फ्लेक्सप्लेटला बोल्टने जोडतात) खोली मोजा, त्यात अ‍ॅडॉप्टर प्लेटची जाडी मिळवा, आणि ब्लॉकच्या तोंडापासून फ्लेक्सप्लेट (ऑटोमॅटिकमध्ये फ्लायव्हीलच्या जागी येणारी पातळ प्लेट) जेवढी बाहेर येते तेवढं वजा करा. उरलेली फट मी एक ते दीड सूत ठेवतो, म्हणजे ३ ते ५ मिमीच्या आसपास. बॉक्सचं स्वतःचं माप कुठे लिहिलेलं मिळालं तर तेच धरा. फट नसेल तर कन्व्हर्टर दाबाने फुगला की क्रँकला पुढे रेटतो आणि थ्रस्ट बेअरिंग, म्हणजे क्रँकला पुढेमागे सरकू न देणारं बेअरिंग, खातो. जास्त असेल तर बोल्ट आवळताना कन्व्हर्टर पुढे ओढला जातो आणि पंपाच्या खाचा अर्ध्याच पकडतात. प्लेटने बॉक्स मागे गेला की क्रँकवरही तेवढा स्पेसर लागतो, हे लोक साफ विसरतात. स्टार्टरचे दात रिंग गिअरवर पूर्ण बसतायत का तेही तेव्हाच बघून घ्या.

दुसरी माझी आवडती चूक, सेंटर. "डॉवेल पिन (बॉक्स जागेवर बसवणाऱ्या खुंट्या) आहेत ना" हे ऐकून माझे कान किटलेत. डॉवेल ब्लॉकमध्ये असतात, क्रँकमध्ये नाही, आणि मध्ये प्लेट आली की बॉक्स किती सरकला ते डोळ्याला दिसत नाही. फ्लेक्सप्लेट लावायच्या आधी क्रँकच्या फ्लँजवर डायल गेज लावा, स्पार्क प्लग काढा, क्रँक हाताने एक पूर्ण फेरा फिरवा, आणि बेलहाऊसिंगच्या मागच्या भोकाचं, बॉक्सचं तोंड वेगळं होत नसेल तर प्लेटच्या सेंटर भोकाचं, वाचन घ्या. वाचनाच्या निम्मं सेंटर हललेलं असतं. मी एकूण वाचन ५ थाऊवर (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) जाऊ देत नाही, जास्त आलं तर ऑफसेट डॉवेल, म्हणजे मध्यापासून सरकवलेली पिन. कन्व्हर्टरचा हबही (पुढचं गोल नाक) क्रँकच्या भोकात लोण्यासारखा सरकला पाहिजे, खडखडता कामा नये. भोक मोठं असेल तर लेथवर रिंग करून घ्या, पत्र्याची पट्टी गुंडाळणारे महाभाग मी पाहिलेत.

बाकीचं पटापट. फ्लायव्हीलचे जुने बोल्ट फ्लेक्सप्लेटला वापरू नका, प्लेट पातळ असते, बोल्ट भोकाच्या तळाला टेकतो, वाटतं आवळला पण प्लेट सैलच. पायलट बुश (मॅन्युअल गिअरबॉक्सच्या शाफ्टचं टोक पेलणारा बुश) काही क्रँकमध्ये खोल असतो, काहींमध्ये हब थेट त्याच्यावर आपटतो, बघून काढा. शेव्हरोलेटचं ४०० स्मॉल ब्लॉक किंवा ४५४ असेल तर त्याला वजनवाली (बॅलन्ससाठी वजन जोडलेली) फ्लेक्सप्लेट लागते, साधी लावली तर सगळी गाडी थरथरेल. त्याच स्मॉल ब्लॉकचं फ्लँजच्या बोल्टांचं वर्तुळ १९८६ पासून लहान झालं, म्हणून "शेव्हीची आहे" एवढ्यावर प्लेट मागवू नका.

आणि जीएमचा ७००आर४ गिअरबॉक्स लावत असाल तर टीव्ही केबल, म्हणजे थ्रॉटलपासून बॉक्सच्या थ्रॉटल व्हॉल्व्हला जाणारी केबल. ती नुसती किकडाउनची (पेडल दाबल्यावर गिअर खाली घेण्याची) नाही, बॉक्सच्या आतला तेलाचा दाब तीच ठरवते. जुन्या कार्ब्युरेटरच्या आर्मवर तिचा कोन चुकतो, थ्रॉटल पूर्ण उघडला तरी केबल पूर्ण ओढली जात नाही, दाब कमी राहतो आणि बॉक्सच्या आतले क्लच जळतात. "एक चक्कर मारून येतो, केबल नंतर लावू" म्हणून गेलेला बॉक्स मी उघडलाय, तेल कॉफीच्या रंगाचं होतं.