नवी माणसं पुढे आणायची तर आख्खं काम त्यांच्या हाती द्या: एका खरिपाची पद्धत

नव्यानं रुजू झालेला कृषी सहायक, उमेद या सरकारी ग्रामीण उपजीविका अभियानाच्या बचत गटातून निवडलेली कृषी सखी, गावातली बारावी किंवा पदवी झालेली पोरं आणि कृषी महाविद्यालयांतून हंगामापुरते येणारे विद्यार्थी, म्हणजे कृषिदूत-कृषिकन्या. कृषी खात्याच्या मंडळात, म्हणजे काही गावांच्या गटात, एवढी माणसं हाताशी असतात. त्यांच्यातून गावाला भरवसा वाटेल अशी चार माणसं कशी घडवायची, ते मी इथे लिहिते आहे. माझी नोकरी लातूर जिल्ह्यात गेली, शेवटची वर्षं कृषी पर्यवेक्षक म्हणून, म्हणजे कृषी सहायकांच्या कामावर देखरेख करत. त्यामुळे उदाहरणं सोयाबीनची येतील. कापूस किंवा भाताच्या पट्ट्यातल्यांनी पीक बदलून घ्यावं. आणि कृषी सहायकाचं पदनाम आता सहायक कृषी अधिकारी झालं असलं तरी गावात अजून कृषी सहायकच म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणते.

नेतृत्वाची प्रशिक्षणं सभागृहात होतात. खेळ होतात, तक्ते रंगवले जातात, शेवटी प्रमाणपत्र मिळतं. त्याचा उपयोग आहे, बुजरी माणसं तिथे पहिल्यांदा तोंड उघडतात. पण माणूस खरा पुढे येतो तो एखादं काम पहिल्यापासून शेवटापर्यंत त्याच्या नावावर झालं की. आपल्याकडे कामाचे तुकडे वाटायची सवय आहे. एकानं सतरंजी घालायची, एकानं सह्या घ्यायच्या, एकानं फोटो काढायचे आणि शेतकऱ्यांशी बोलायचं साहेबांनी. अशी पाच वर्षं गेली तरी सहायक फोटोच काढत राहतो, आणि साहेबांची बदली झाली की गावाला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

सुरुवात मे महिन्यात, गोणपाटापासून

पहिलं काम म्हणून बियाण्याची उगवणक्षमता चाचणी द्यावी. खर्च काही नाही, आठवड्यात निकाल लागतो आणि निकाल डोळ्यांना दिसतो. शिवाय त्या निकालावर शेतकऱ्याला लगेच निर्णय घ्यावा लागतो, म्हणजे काम करणाऱ्याच्या शब्दाला पहिल्या दिवसापासून वजन येतं.

चाचणी सगळ्यांना माहीत आहे, तरी एकदा नीट सांगते, कारण घाईत नेमक्या याच गोष्टी सुटतात. घरच्या सोयाबीनच्या प्रत्येक पोत्यातून खोलवर हात घालून मूठ-मूठ दाणे काढायचे, नुसते वरचे नाहीत. ते एकत्र करून त्यातले न निवडता १०० दाणे मोजायचे. फुटका दाणा हाताला लागला तर तोही घ्यायचा, बाजूला काढायचा नाही. गोणपाट धुऊन ओलं करायचं, त्यावर दहा-दहाच्या दहा ओळी मांडायच्या, वरून दुसरं ओलं गोणपाट टाकून गुंडाळी करायची आणि सावलीत ठेवायची. रोज पाणी शिंपडायचं. पाच-सहा दिवसांनी उघडून चांगले कोंब आलेले दाणे मोजायचे. शक्यतो असे तीन नमुने लावून सरासरी काढायची. ७० किंवा त्याहून जास्त उगवले तर एकरी ३० किलो बियाणं. त्याखाली प्रत्येक टक्क्याला एकरी अर्धा किलो वाढवायचं. ६० च्या खाली आलं तर ते बियाणं पेरायचं नाही.

हे सगळं एका माणसाच्या नावावर द्यायचं. कोणत्या घरांत जायचं, गोणपाट कुठून आणायचं, नोंद कशी ठेवायची, ते त्यानं ठरवावं. आणि निकाल शेतकऱ्याला सांगायचं कामही त्याचंच. चांगला निकाल कोणीही सांगतो. ५२ टक्के आलेत हे सांगताना कस लागतो, कारण समोर बहुतेक वेळा नात्यातलाच माणूस असतो.

एका कृषी सखीला मी हे करताना पाहिलं. तिच्या चुलत सासऱ्यांच्या बियाण्याचा निकाल खराब आला होता. ते म्हणाले, "घरचं बी हाय. दरसाल हेच पेरतो आम्ही." तिनं वाद घातला नाही. डोक्यावरचा पदर सारखा केला, गुंडाळी त्यांच्या पुढ्यात उलगडली आणि म्हणाली, "मामा, तुम्हीच मोजा." ते ओळीनं मोजत गेले. काही दाणे फुगून कुजले होते, काही तसेच कोरडे पडले होते. चौथ्या ओळीपर्यंत त्यांचा आवाज उतरला. मग त्यांनीच विचारलं, "असं कशानं झालं?" तेव्हा तिनं सांगितलं: सोयाबीनची साल नाजूक, मळणीयंत्राचे फेरे जास्त ठेवले, पोती वरून आदळली की आतला कोंब मरतो. त्या वर्षी मामांनी बियाणं बदललं आणि पुढच्या मळणीला यंत्रवाल्याला फेरे कमी करायला स्वतः सांगितलं.

मी ओसरीच्या टोकाला बसले होते आणि तोंड मिटून होते. पर्यवेक्षकाला सगळ्यात अवघड जातं ते हेच. शेतकऱ्याची नजर सवयीनं आपल्याकडे वळते. अशा वेळी एकच वाक्य बोलायचं, "चाचणी ताईंनी केलीय, त्या सांगतील."

शेतीशाळेत मागे बसायला शिका

पेरणी झाली की शेतीशाळा सुरू होतात. ही पद्धत इंडोनेशियात १९८९ मध्ये भातावरच्या तपकिरी तुडतुड्यांमुळे उभी राहिली. फवारण्या वाढत होत्या, किडींना खाणारे मित्रकीटक मरत होते आणि तुडतुडे आणखी माजत होते. तेव्हा शेतकऱ्यांना वर्गात भाषण देण्याऐवजी दर आठवड्याला बांधावर नेऊन त्यांच्याकडूनच निरीक्षण करून घेतलं गेलं. आपल्याकडे शेतीशाळा झाल्या खऱ्या, पण कित्येक ठिकाणी त्यांचं पुन्हा भाषण झालं. झाडाखाली खुर्च्या, मागे फ्लेक्स आणि अर्धा तास योजनांची माहिती. त्यात ना शेतकरी शिकतो ना सहायक.

मी सांगते तो क्रम असा. पहिला वर्ग तुम्ही घ्या आणि सहायकाला नीट बघू द्या. दुसरा दोघांनी मिळून घ्या. तिसऱ्यापासून तुम्ही शेतकऱ्यांच्या मागे सतरंजीवर बसा. खुर्चीवर बसू नका, खुर्ची दिसली की लोक तिच्याकडे बघून बोलतात.

पाच-पाच जणांचे गट करून शेतात तिरपं फिरायचं. ठरावीक झाडं बघायची, अळ्या मोजायच्या, ढालकिडे आणि कोळीही मोजायचे, जमिनीतला ओलावा हातानं तपासायचा. मग जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर झाडाचं चित्र काढायचं, एका बाजूला शत्रुकीटक, दुसऱ्या बाजूला मित्रकीटक. शेवटी गटानं उभं राहून सांगायचं: या आठवड्यात फवारायचं की नाही, आणि का. उभं कोण राहणार याची पाळी लावून द्या. पाळी नसेल तर सरपंचाचा मुलगा किंवा दुकानदाराचा भाऊ दर वेळी खडू उचलतो आणि बाकीचे माना डोलावतात. सगळ्यात कमी बोलणाऱ्याला पहिल्या महिन्यातच उभं करा. उशीर केला की त्याची गप्प बसायची जागा पक्की होते.

बायकांच्या शेतीशाळेची वेळ बायकांनाच विचारा. खुरपणीच्या दिवसांत सकाळी अकराला बोलावलं तर एकीची मजुरी बुडते, मग त्या येत नाहीत आणि रिपोर्टमध्ये आपण 'महिलांचा प्रतिसाद कमी' असं लिहून मोकळे होतो.

सहायक चुकला तर काय करायचं, हे बरेच जण विचारतात. गावात टोकू नका. परत येताना, गाडी काढायच्या आधी, आज काय नीट झालं ते नेमकं सांगा आणि बदलायची एकच गोष्ट सांगा. "छान बोललात" म्हणून काही कळत नाही. "त्या आजोबांनी उलटा प्रश्न केला तेव्हा तुम्ही त्यांना रोपाजवळ घेऊन गेलात, ते बरोबर केलं" असं म्हटलं की माणूस ते पुन्हा करतो.

याला एक अपवाद आहे. औषधाचं प्रमाण, दोन औषधांचं मिश्रण किंवा फवारताना घ्यायची काळजी यात चूक झाली तर तिथल्या तिथे, सगळ्यांसमोर थांबवा. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले. तिथे कोणाचा मान राखायचा हा प्रश्नच येत नाही. हा नियम सहायकाला आधीच सांगून ठेवा, म्हणजे प्रसंग आला तर त्याला अपमान वाटणार नाही. आणि तुमचं चुकलं तर त्यानं तुम्हालाही असंच थांबवायचं, हेही सांगा.

आख्ख्या शिवाराचं काम

उगवण चाचणी एका घराची असते, शेतीशाळा पंचवीस-तीस जणांची. तिसरी पायरी आख्ख्या गावाची. तशी वेळ मुद्दाम आणता येत नाही, पण बहुतेक हंगामात ती येते. आमच्याकडे लातूर, बीड, धाराशिवला २०२२ च्या जुलैत शंखी गोगलगायींनी कोवळं सोयाबीन खाऊन टाकलं, लोकांना दुबार पेरण्या कराव्या लागल्या. ही कीड एकट्यानं हटत नाही. तुम्ही तुमचं रान साफ केलं तरी रात्री शेजारच्या बांधावरून ती परत येते.

उपाय साधे आहेत. संध्याकाळी गुळाच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटं बांधाच्या कडेनं ठेवायची, पहाटे त्याखाली जमलेल्या गोगलगायी हातमोजे घालून वेचायच्या आणि साबणाच्या किंवा मिठाच्या पाण्यात टाकायच्या. बांधाकडेची मऊ माती उकरून साबुदाण्यासारखी पांढरी अंडी नष्ट करायची. शेताभोवती चुन्याची चार इंची पट्टी ओढायची. फारच असतील तर मेटाल्डिहाइड या गोगलगायनाशकाच्या गोळ्या एकरी २ किलो, पण कोंबड्या, कुत्री आणि लहान मुलं तिकडे फिरकणार नाहीत याची जबाबदारी घेऊनच.

कठीण असतं ते सगळ्यांना एकाच दिवशी रानात उतरवणं. हे काम पोरांच्या हाती द्या. त्यांना गटनंबरांचा नकाशा द्या आणि ओढ्याच्या अलीकडचं कोण, पलीकडचं कोण, गायरान कोणाकडे, हे त्यांनाच वाटून घेऊ द्या. दोन भाऊबंदांचं बोलणं बंद असेल तर त्यांच्यामधल्या बांधावर कोण जाणार, हे पोरांना आपल्यापेक्षा चांगलं माहीत असतं. आपण मोजे, गोळ्या, चुना वेळेत पोचवायचा, ग्रामपंचायतीला दवंडी द्यायला सांगायचं आणि मधल्या वेळी वरून येणारे फोन आपण घ्यायचे. एखादा वजनदार माणूस "ही पोरं मला काय सांगणार" म्हणाला तर त्याच्या घरी आपण एकटे जायचं आणि पोरांच्या बाजूनं बोलायचं. ही भेट पोरांना कळली पाहिजे असं नाही.

आठवड्यातला एक वार

रिपोर्टांच्या ओझ्याबद्दल थोडं बोलते, कारण चांगली पोरं तिथेच विझतात. जागेची नोंद असलेले जिओटॅग फोटो, महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरचे योजनांचे अर्ज, पंचनामे, एकच माहिती वेगवेगळ्या तक्त्यांत, आणि व्हॉट्सअपवर 'आजच संध्याकाळपर्यंत'. हे सगळं बंद करणं आपल्या हातात नाही. पण मंडळापुरता एक वार ठरवणं आहे. त्या दिवशी बैठक नाही, माहितीची मागणी नाही, सहायकानं ठरलेल्या गावात जायचं. ऐंशीच्या दशकातल्या प्रशिक्षण व भेट योजनेवर पुष्कळ टीका झाली, वरून आलेला संदेश खाली पोचवण्यापलीकडे ती फारशी गेली नाही हे खरं. पण ठरलेल्या दिवशी ठरलेल्या बांधावर माणूस येणार हे गावाला ठाऊक असायचं. तिच्यातली तेवढी एक गोष्ट मी आजही परत आणीन.

श्रेय आणि पैसे

१ जुलैला कृषी दिनाच्या कार्यक्रमात माइक ज्यानं काम केलं त्याच्या हाती द्या, तालुक्याहून कोणी आलं असलं तरी. कृषी सहायकाचं चांगलं काम गोपनीय अहवालात नेमक्या शब्दांत लिहा, 'समाधानकारक' लिहून सोडू नका. कृषी सखीचं मानधन अडकलं असेल तर त्याचा पाठपुरावा तुमच्या कामात धरा. घरच्यांची बोलणी खाऊन ती दोन-दोन गावं फिरते. मानधन सहा महिने थकलं की घरातून पहिला प्रश्न येतो, "मिळतं काय तुला?", आणि त्याचं उत्तर देण्यात तिचा सगळा जोर संपतो. हुशार बायका मी अशाच गळताना पाहिल्या आहेत, आणि याची मला अजून चीड येते.

मळणीनंतरची बैठक

सोयाबीन घरात आलं की, दिवाळीच्या आगेमागे, सगळ्यांना अर्धा दिवस एकत्र बसवा. सादरीकरण नको. प्रत्येकाला तीन गोष्टी विचारा: या हंगामात कोणता निर्णय तू स्वतः घेतलास? कुठे मला विचारावं लागलं, आणि पुढच्या वेळी विचारावं लागू नये म्हणून काय शिकायला हवं? तुझ्या गावात तुझ्यामागे कोण तयार होतंय? तिसऱ्या प्रश्नाला नाव आलं नाही तर त्या गावात पुढच्या मे महिन्यात चाचणीचं काम सहायकाला देऊ नका. तिथलंच एखादं पोरगं शोधा, आणि त्याला काम शिकवणं हेच सहायकाचं काम ठेवा.

उत्तरं एका वहीत गाववार लिहून ठेवा. बियाण्यात कोण तयार आहे, ट्रॅक्टरवर रुंद सरी वरंबा यंत्र (रुंद वाफ्यावर पेरणी करणारं) कोण नीट चालवतं, हिशेब कोणाचा चोख, भांडण कोण मिटवतं, ते सगळं नावानिशी. बदलीचा आदेश आला की नव्या माणसाला चार्ज देताना ही वही पहिल्यांदा द्या आणि त्याच्याबरोबर निदान मोठ्या दोन गावांत जाऊन, वहीतल्या माणसांची गाठ घालून द्या.