जर्मनीत एक्सचेंजला येताय? घरच्या खाऊच्या या चुका टाळा

विंटर सेमिस्टर ऑक्टोबरात सुरू होतं आणि दिवाळीही त्याच सुमारास येते. मग दरवर्षी नव्या बॅचचे मेसेज ठरलेले: "ताई, तूप काढून घेतलं", "ताई, पार्सल परत गेलं", "ताई, अलार्म वाजला." तीच तीच उत्तरं देऊन कंटाळा आलाय, म्हणून एकदाच लिहून ठेवते. जेमतेम एका सेमिस्टरसाठी आलेली मुलं पहिल्याच आठवड्यात घरचं स्वयंपाकघर इथे उभं करायला बघतात, पण इथलं घर कसं चालतं हे कुणाला विचारत नाहीत. निम्मे घोटाळे त्यातूनच होतात.

बॅगेत तूप आणि पेढे

भारतातून येताना मांसाचे आणि दुधाचे पदार्थ युरोपियन युनियनमध्ये आणता येत नाहीत. बॅगेतूनही नाही, पोस्टानेही नाही. तूप, पेढे, खव्याची बर्फी, पनीर सगळं त्यात आलं. "माझ्या मैत्रिणीने आणलं, तिला कुणी विचारलं नाही" हे मला सांगू नका. तिची बॅग उघडली नाही, एवढाच त्याचा अर्थ. उघडली की माल कचऱ्यात जातो, आणि कस्टम्सला न सांगता निघाला असाल तर दंडही होऊ शकतो.

हापूस आणि ताज्या कढीपत्त्याचंही तेच. डिसेंबर २०१९ पासून ताजी फळं, भाज्या, पानं आणायची तर फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट, म्हणजे मालाला कीड-रोग नसल्याचा सरकारी दाखला लागतो. सूट फक्त केळी, नारळ, अननस, खजूर आणि ड्युरियन यांना. चिवड्यातला तळलेला कढीपत्ता येतो, तेवढ्यावर भागवा.

मुळात तुपासाठी एवढा जीव का टाकता? बुटरश्माल्त्स नावाने ते इथल्या सुपरमार्केटात मिळतं. त्याचा वास नाही आवडला तर बिनमिठाचं लोणी आणून घरीच कढवा, मी तेच करते. बॅगेतली जागा गोडा मसाला, भाजणी, मेतकूट आणि कोकम यांना द्या.

आईने पाठवलेलं पार्सल

ही माझी नावडती चूक नंबर एक. एका मुलीने दुसऱ्या विद्यार्थ्याची खोली एका सेमिस्टरपुरती भाड्याने घेतली होती. आईला पत्ता कळवताना तिने पुण्याच्या सवयीने मजला, खोली नंबर, "लिफ्टसमोर" असं सगळं लिहून दिलं. पण इथे पोस्टमन खोली नंबर शोधत नाही. तो बेलवरचं आणि पत्रपेटीवरचं नाव बघतो, आणि तिथे नाव होतं मूळ भाडेकरूचं. ट्रॅकिंगवर शेरा आला की या पत्त्यावर अशी व्यक्ती नाही. ही बाई रोज ट्रॅकिंग बघत होती, पण पत्रपेटीवर नाव चिकटवायचं तिला सुचलं नाही. मला फोन आला तेव्हा डबा परतीच्या वाटेवर होता. तुळशीचं लग्न होऊन गेल्यावर तो घरी पोचला आणि चकल्यांचा चुरा तिच्या बाबांनी दह्यात घालून संपवला. आई म्हणाली, "अगं, नाव तर ठळक अक्षरात लिहिलं होतं!" लिहिलं होतं हो, पण फक्त डब्यावर.

चावी हातात पडली की त्याच दिवशी आपल्या आडनावाची चिठ्ठी पत्रपेटीवर आणि बेलवर लावा. हाउसमायस्टरला, म्हणजे इमारतीची देखभाल बघणाऱ्या माणसाला, आधी विचारा, कारण काही ठिकाणी ते छापील पट्टीच लावतात. पट्टी येईपर्यंत पत्त्यात आपल्या नावाखाली "सी/ओ" घालून मूळ भाडेकरूचं आडनाव लिहायला सांगा.

दुसरा घोळ फॉर्मचा. कुरिअरवाला "ईटेबल्स" असा एक शब्द लिहून मोकळा होतो. तसं चालू देऊ नका. प्रत्येक पदार्थ इंग्रजीत, वजनासह आणि खऱ्या किमतीसह लिहायला लावा. घरच्यांनी घरच्याला पाठवलेली भेट ४५ युरोपर्यंत करमुक्त असते. किंमत शून्य लिहिणं ही शक्कल नव्हे, उलट त्यानेच संशय येतो. मग कस्टम्सचं पत्र येतं, शहराच्या दुसऱ्या टोकाच्या ऑफिसात जाऊन त्यांच्यासमोर डबा उघडावा लागतो आणि मेतकूट म्हणजे काय हे जर्मनमध्ये समजावत बसावं लागतं.

फोडणी आणि दार

आता नावडती चूक नंबर दोन. हॉस्टेलच्या सामायिक स्वयंपाकघरात एका मुलाने वरणाला फोडणी दिली. धूर झाला. बाहेर थंडी म्हणून खिडकी न उघडता त्याने कॉरिडॉरचं दार उघडलं. स्वयंपाकघरातल्या अलार्मच्या यंत्राने काही केलं नसतं, पण कॉरिडॉरमधलं धूर ओळखणारं यंत्र थेट अग्निशमन दलाला जोडलेलं होतं. सगळी इमारत चपला घालून खाली उभी, बंब दारात, आणि हा हातात पळी घेऊन सगळ्यांची माफी मागतोय. नंतर खर्चाचं पत्र आलं ते वेगळंच.

दार बंद, खिडकी उघडी, एक्झॉस्ट आधीच सुरू. एवढंच करायचं असतं. आणखी एक गोष्ट गॅसवर शिकलेल्यांच्या लक्षात येत नाही: इथली काचेची शेगडी बंद केली तरी बराच वेळ तापलेली राहते. आंच कमी केली म्हणून मोहरी जळायची थांबत नाही, कढलं उचलून बाजूला ठेवावं लागतं. मी मध्यम आंचेवर, थोड्या तेलात, झाकण हातात धरूनच फोडणी करते. यंत्रावर प्लास्टिकची पिशवी बांधणारे महाभागही मी पाहिलेत. तसं करणाऱ्याला मी माझ्या घरी जेवायला बोलावत नाही.

बाकीच्या, थोडक्यात

शनिवारी रात्री उतरू नका. रविवारी सुपरमार्केट बंद असतात, मोठ्या स्टेशनातली दुकानं सोडली तर. ३ ऑक्टोबरलाही सुट्टी असते, म्हणजे नेमकी तुमच्या येण्याच्या दिवसांत. पोह्यांची एक पिशवी वरच्या बॅगेत असू द्या.

लोणचं आणि ठेचा हँडबॅगेत नको. १०० मिलिलिटरचा नियम त्यांनाही लागू होतो.

दुबई किंवा अबूधाबीमार्गे येत असाल तर खसखस अजिबात नको, अमिरातीत तिच्यावर बंदी आहे. अनारशांवर खसखस असते हे आईला आठवण करून द्या. इथे ती केक-बेकिंगच्या सामानात मिळते.

कुकर आणण्याआधी त्याच्या बुडाला लोहचुंबक लावून बघा. चिकटला नाही तर इंडक्शनवर तो नुसता शोभेचा. मिक्सरला व्होल्टेज तेच आहे, पण आपली जाड तीन पिनांची वायर इथल्या सॉकेटमध्ये जात नाही. आणि रात्री दहानंतर तो फिरवू नका, शेजारी खरंच तक्रार करतात.

फ्लॅटमेटला शेंगदाण्याची चटणी वाढण्याआधी ॲलर्जी आहे का ते विचारा. चमचा हातात देऊन झाल्यावर नाही, डबा उघडायच्या आधी.