कंबरदुखी आणि सायटिका: कोणता उपाय आधी, कोणता नंतर, आणि विजया (भांगेचे औषध) कधी

ठाणे स्थानकात दहा नंबरच्या फलाटावर वाशीच्या गाडीत चढण्यासाठी पाय उचलला आणि उजव्या कुल्ल्यापासून पोटरीच्या बाहेरच्या अंगाने थेट पायाच्या अंगठ्यापर्यंत कळ उतरली. त्यानंतरच्या पंधरवड्यात मी बहुतेक सगळे उपाय केले, पण उलट्या क्रमाने केले. आधी स्वतःच्या मनाने एमआरआय काढला, मग कंबरेचा पट्टा आणला, मग आठ दिवस पलंग धरला, आणि पायाची ताकद तपासणाऱ्या डॉक्टरांकडे सर्वांत शेवटी गेलो. या दुखण्यात कोणता उपाय करावा याइतकेच तो कधी करावा हेही महत्त्वाचे असते, म्हणून पुढील माहिती त्या क्रमाने दिली आहे.

आधी धोक्याची लक्षणे पाहावीत

दुखणे कितीही असह्य असले तरी ते सहसा धोक्याचे नसते. मात्र काही लक्षणे अशी आहेत की ती दिसताच घरगुती उपाय बाजूला ठेवावेत. लघवी अडणे किंवा नकळत होणे, शौचावरील ताबा जाणे, आणि सायकलच्या सीटवर टेकतो तो मांड्यांमधील भाग बधिर होणे, यांपैकी काहीही आढळल्यास त्याच दिवशी, तासांच्या हिशोबाने, मोठे रुग्णालय गाठावे. अशा वेळी मणक्याच्या खालच्या टोकाशी असलेला मज्जातंतूंचा जुडगा दबलेला असू शकतो आणि उशीर झाला तर हे नुकसान कायमचे राहू शकते. वाहन मिळत नसेल तर १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी. ठाण्यात कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय आणि नवी मुंबईत वाशीचे महापालिका रुग्णालय ही सार्वजनिक रुग्णालये आहेत.

दुसरी खूण घरातच तपासता येते. भिंतीचा आधार घेऊन आधी टाचांवर आणि मग चवड्यांवर दहा-दहा पावले चालून पाहावे. एका पायाची टाच किंवा चवडा उचललाच जात नसेल, किंवा चालताना त्या पायातील चप्पल नकळत निसटत असेल, तर पायाची ताकद कमी झाली असण्याची शक्यता असते आणि एक-दोन दिवसांत अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवणे आवश्यक असते. माझी चप्पल निसटत होती. सोल झिजला असेल असे समजून मी नवी घेतली.

रात्री वाढणारे दुखणे, संध्याकाळचा बारीक ताप आणि उतरत जाणारे वजन एकत्र दिसले, तर आपल्याकडे मणक्याच्या क्षयरोगाचा विचार करावाच लागतो. पूर्वी कर्करोग होऊन गेला असेल किंवा दुखणे पडल्यानंतर सुरू झाले असेल, तरीही वाट पाहू नये.

दुखणे कोठून येते ते समजून घ्यावे

कंबरेत उसण भरणे आणि सायटिका ही दोन वेगळी दुखणी आहेत. उसणीत दुखणे कंबरेत, फार तर कुल्ल्यापर्यंत राहते. सायटिकात कंबरेपेक्षा पाय जास्त दुखतो, कळ बहुधा गुडघ्याच्या खाली जाते, मुंग्या येतात, आणि खोकताना किंवा शिंकताना पायात चमक जाते. सायटिक ही शरीरातील सर्वांत जाड नस असून ती कंबरेतून निघणाऱ्या अनेक मुळ्यांची बनते. बहुतेक वेळा कंबरेतील मणक्यांमधल्या शेवटच्या दोन गाद्यांपैकी एकीचा आतला मऊ भाग बाहेर येऊन यांपैकी एखाद्या मुळीला लागतो आणि तिथे सूज येते. मागच्या खिशात जाड पाकीट ठेवून घोडबंदर रस्त्यावरच्या कोंडीत तास-तास गाडी चालवणाऱ्यांना कुल्ल्यातच नसेवर दाब येऊनही असा त्रास होतो. त्यांनी पाकीट आजच पुढच्या खिशात ठेवावे.

‘गादी सरकली, ती बसवून घ्या’ हा सल्ला ठाण्याच्या चाळीपासून घणसोलीच्या टॉवरपर्यंत सगळीकडे मिळतो, आणि पायाळू माणसाचा पाय पाठीला लावून घेण्याची चालही अजून पुरती गेलेली नाही. साध्या उसणीत माणूस दोन-चार दिवसांत एरवीही बरा होतो, म्हणून असल्या उपायांना यश मिळाल्यासारखे दिसते. पायात कळ जात असताना मात्र पाठीवर पाय किंवा झटका देऊन घेऊ नये. बाहेर आलेला गादीचा भाग ढकलून परत बसत नाही. पुष्कळदा शरीरच काही महिन्यांत तो विरघळवून टाकते, आणि नवल म्हणजे मोठे तुकडे लहान फुगवट्यांपेक्षा अधिक वेळा विरघळतात.

एमआरआयची घाईही याच कारणाने करू नये. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यानुसार, कसलेही दुखणे नसलेल्या विशीतील माणसांपैकी ३० टक्क्यांच्या आणि ऐंशीतील माणसांपैकी ८४ टक्क्यांच्या गाद्या फुगलेल्या दिसतात. त्यामुळे अहवालातील ‘बल्ज’ हा शब्द वाचून माणूस घाबरतो, पण दुखण्याचे कारण तेच असेल असे नाही. धोक्याचे लक्षण असल्यास, किंवा सहा आठवड्यांनीही पाय सुधारत नसून इंजेक्शन अथवा शस्त्रक्रियेचा विचार सुरू असल्यास एमआरआय काढावा.

पहिले काही आठवडे

फार तर एक-दोन दिवस विश्रांती घ्यावी. त्याहून जास्त पडून राहिल्याने स्नायू दुबळे होतात आणि बरे होण्यास उशीर लागतो. कुशीवर झोपून दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये उशी ठेवावी. पाठीवर झोपणाऱ्याने ती गुडघ्यांखाली घ्यावी. शेकाने बरे वाटत असेल तर जरूर शेकावे.

दिवसातून तीन-चार वेळा, सुरुवातीला पाच-दहा मिनिटे, सपाट जागेवर चालावे. नेरूळच्या ज्वेल ऑफ नवी मुंबईचा ट्रॅक किंवा ठाण्यातील मासुंदा तलावाची पाळ यासाठी चांगली आहे. पेव्हर ब्लॉक उखडलेला पदपथ नको. तीस-चाळीस मिनिटांपेक्षा जास्त वेळ सलग बसू नये. ट्रान्स हार्बरच्या गाडीत जागा मिळाली तरी मधली दोन स्थानके उभे राहून काढावीत. ठाणे-बेलापूर रस्त्यावर गतिरोधकांवरून दुचाकी नेणे मात्र पायातील कळ थांबेपर्यंत टाळलेले बरे.

घरातील सर्वांत वाईट क्षण पाणी भरण्याचा असतो. सकाळी पाणी जाण्याच्या धास्तीने भरलेली बादली वाकून आणि वळून उचलली जाते, आणि वाकणे व वळणे एकाच वेळी झाले की गादीवर सर्वांत जास्त ताण येतो. बादली अर्धीच भरावी, अंगाजवळ धरावी, गुडघ्यात वाकावे आणि वळताना कंबर न वळवता पावले वळवावीत. तोंड धुताना एक पाय पाटावर ठेवला की बेसिनवर कमी वाकावे लागते; मला या एका पाटाने पट्ट्यापेक्षा जास्त आराम दिला. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी दिलेल्या मार्गदर्शक सूचनांतही व्यायामाची शिफारस असून पट्टे आणि ट्रॅक्शन (कंबरेला यंत्राने ताण देणे) नेहमीच्या उपचारात नकोत असे म्हटले आहे.

व्यायाम करताना कळ कुठे सरकते ते पाहावे

हा भाग सावकाश करावा. जमिनीवर चटई घालून पालथे झोपावे आणि दोन मिनिटे तसेच पडून राहावे. मग कोपरांवर भार देऊन छाती थोडी उचलावी, कंबर सैल सोडावी आणि पायाकडे लक्ष द्यावे. घोट्यापर्यंत जाणारी कळ पोटरीपर्यंत, मग मांडीपर्यंत आखडत आली, तर कंबरेत थोडे जास्त दुखले तरी ती सुधारणेची खूण आहे आणि हा व्यायाम दिवसातून तीन-चार वेळा करावा. उलट कळ आणखी खाली उतरली किंवा मुंग्या वाढल्या, तर लगेच थांबावे. प्रत्येकाला मागे वाकण्यानेच आराम पडतो असे नाही. वयस्कर माणसांत मणक्यातील जागा अरुंद झाली असेल तर पुढे वाकल्याने बरे वाटते. त्यामुळे पहिल्या दोन-तीन वेळा फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली व्यायाम शिकावा आणि नंतर तो घरी करावा. मोबाइलवरचे व्हिडिओ पाहून पायाची नस ताणण्याचा प्रयत्न सुरुवातीलाच करू नये.

औषधे, इंजेक्शन आणि शस्त्रक्रिया

आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकसारखी वेदनाशामके थोडे दिवस, जेवणानंतर आणि डॉक्टरांना विचारून घ्यावीत. पोटात व्रण, मूत्रपिंडाचा विकार, हृदयरोग किंवा उच्च रक्तदाब असल्यास स्वतःहून मुळीच घेऊ नयेत. पावसाळ्यात अंग मोडून ताप आला असेल आणि कंबरही दुखत असेल, तर ही सायटिका नसून डेंग्यू असू शकतो, आणि डेंग्यूत या गोळ्यांनी रक्तस्राव वाढण्याचा धोका असतो. नसेच्या दुखण्यावर सर्रास लिहिली जाणारी प्रीगॅबलिन ही गोळी २०१७ च्या एका चाचणीत सायटिकावर उपयोगी ठरली नाही, पण चक्कर मात्र जास्त आली. ती चालू असेल तर एकदम बंद करू नये. डॉक्टरांशी बोलून कमी करावी.

मणक्यातील इंजेक्शनाने काही जणांना थोड्या काळासाठी आराम मिळतो. शस्त्रक्रियेबाबत नेदरलँड्समधील २८३ रुग्णांचा २००७ मधील अभ्यास लक्षात ठेवण्यासारखा आहे. लवकर शस्त्रक्रिया केलेल्यांच्या पायाचे दुखणे लवकर थांबले, पण वर्षअखेरीस दोन्ही गटांतील सुमारे ९५ टक्के लोक बरे झाले होते. वाट पाहणाऱ्यांपैकी काहींना मात्र पुढे शस्त्रक्रिया करावी लागली. ताकद जात नसेल तर निर्णयाला वेळ असतो.

विजयेचा विचार करायचा असेल तर

इतके करूनही तीन महिन्यांहून अधिक काळ दुखत असेल, झोप उडाली असेल, तेव्हाच हा प्रश्न काढावा. २०२१ मध्ये आंतरराष्ट्रीय वेदना अभ्यास संघटनेने पुरेसा पुरावा नसल्याने वेदनेसाठी भांगेच्या वनस्पतीपासून केलेल्या औषधांचे समर्थन केले नाही. त्याच वर्षी ब्रिटिश मेडिकल जर्नलमधील तज्ज्ञ गटाने मात्र इतर उपचार अपुरे पडल्यास, धूर न घेता, प्रायोगिक वापर करून पाहण्यास सौम्य अनुकूलता दाखवली. २०२५ मध्ये ८२० जुनाट कंबरदुखीच्या रुग्णांवर झालेल्या एका चाचणीत भांगेच्या वनस्पतीच्या अर्काने दहाच्या मोजपट्टीवर वेदना १.९ ने उतरली. औषधी गुण नसलेल्या द्रवाच्या तुलनेत हा फरक ०.६ इतका होता. म्हणजे गुण आहे, पण थोडा आहे. शिवाय आपल्याकडे मिळणारी उत्पादने म्हणजे त्या चाचणीतील औषध नव्हे.

कायद्याची रेषा स्पष्ट ठेवावी. १९८५ च्या एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी) कायद्यानुसार वनस्पतीचा फुलोरा म्हणजे गांजा आणि राळ म्हणजे चरस. दोन्ही बाळगणे गुन्हा आहे आणि ‘दुखण्यासाठी घेतला’ हा बचाव होत नाही. पाने त्या व्याख्येबाहेर असली तरी महाराष्ट्रात दारूबंदी कायद्याखाली परवान्याशिवाय भांगही चालत नाही. वैध मार्ग आयुर्वेदाचा आहे: पानांपासून परवानाधारक कारखान्यात केलेले विजयेचे औषध, नोंदणीकृत वैद्यांनी तपासून लिहून दिलेल्या चिठ्ठीवर. औषध नियमांच्या अनुसूची ई-१ मध्ये भांगेचा समावेश असल्याने ‘वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे’ अशी सूचना पोटात घेण्याच्या औषधाच्या वेष्टनावर असावी लागते.

माझ्या शेजाऱ्यांनी आपुलकीने एक बाटली आणून दिली होती. काचेची, ड्रॉपरची, हिरवट तेलाची. वर पानाचे चित्र होते, पण उत्पादन परवाना क्रमांक, बॅच, मुदत आणि एका थेंबातील टीएचसी (नशा आणणारा घटक) व सीबीडी (नशा न आणणारा घटक) यांचे प्रमाण यांपैकी काहीच नव्हते. अशी बाटली परत करावी. भांगेच्या बियांचे तेल ही तिसरीच वस्तू आहे. त्याला २०२१ पासून खाद्यपदार्थ म्हणून मान्यता आहे, पण त्यात वेदनेवर चालणारे घटक जवळजवळ नसतात.

वैद्यांकडे जाताना चालू औषधांची यादी न्यावी. रक्त पातळ करणारी, झोपेची आणि फिटची औषधे विशेष सांगावीत. गरोदर व स्तनपान करणाऱ्या स्त्रिया, ज्यांना किंवा ज्यांच्या घरात कोणाला तीव्र मानसिक आजार झाला आहे असे लोक, हृदयविकाराचे रुग्ण आणि कोवळ्या वयाची मुले यांनी हे औषध टाळावे. पहिली मात्रा अगदी कमी, रात्री, घरात कोणी असताना घ्यावी. पोटातून घेतल्यावर परिणाम जाणवायला एक-दोन तास लागू शकतात, म्हणून ‘काहीच झाले नाही’ असे समजून पुन्हा थेंब घेऊ नयेत. गुंगी उतरेपर्यंत वाहन चालवू नये. दुबई किंवा सिंगापूरला जाताना चिठ्ठी असली तरी बाटली बॅगेत ठेवू नये.

सुरू करण्याच्या आधीच्या आठवड्यापासून वहीत रोज तीन गोष्टी लिहाव्यात: दहापैकी वेदना किती, रात्री किती वेळा जाग आली, आणि न थांबता किती मिनिटे चालता आले. चार आठवड्यांनी ती वही वैद्यांपुढे ठेवावी. चालण्याची मिनिटे आणि झोप यांत फरक पडला नसेल, तर मात्रा वाढवत न बसता त्यांच्या सल्ल्याने औषध थांबवावे, आणि उरलेली बाटली मुलांच्या हाती लागणार नाही अशी कुलपात ठेवून वैद्यांकडे परत द्यावी.