शाळेच्या कॉम्प्युटरवरून उठताना

आमच्या लॅबच्या भिंतीवर नियमांचा एक फलक आहे. लॅमिनेशन केलेला, १२ नियम, प्रत्येकापुढे लाल बाण. सातवा नियम 'पासवर्ड गुप्त ठेवावा'. त्याच्याच खाली सेलोटेपने चिकटवलेल्या चिठ्ठीवर दोन वर्षं लॅबच्या वायफायचा पासवर्ड लिहिलेला होता. चिठ्ठी मीच लावली होती.

ठाण्यातल्या एका मराठी माध्यमाच्या शाळेत मी कॉम्प्युटर शिकवते. मशीन २२, त्यातली चालू १९, आणि एका तुकडीत मुलं ५४. म्हणजे एका कीबोर्डवर तिघांचे हात. 'तुमचा कॉम्प्युटर, तुमची जबाबदारी' हे वाक्य इथे चालतच नाही, कारण तो तुमचा नसतो. तुमच्या आधी त्या खुर्चीवर आठवी ब मधलं कुणीतरी बसून गेलेलं असतं आणि ३५ मिनिटांनी नववी अ येणार असते. घरच्या मोबाइलसाठी दिलेले सल्ले इथे अर्धेच लागू पडतात. म्हणून फलक बाजूला ठेवून, मुलं बसल्यापासून उठेपर्यंत जे करतात त्याच क्रमाने लिहिते. पालकांनीही वाचावं, कारण यातलं निम्मं झेरॉक्सच्या दुकानातही उपयोगी पडतं.

बसण्याआधी

जुलै-ऑगस्टमध्ये आधी हात पुसा. ओली छत्री यूपीएसला टेकवून ठेवणारा एक तरी बहाद्दर दरवर्षी निघतोच. लाइट गेली आणि यूपीएस पी-पी करायला लागला की काम सेव्ह करून रीतसर शट डाउन करायचं. तो आवाज म्हणजे 'गेम पटकन संपवा' असा इशारा नव्हे.

मग ब्राउझर उघडा आणि उजवीकडे वरच्या कोपऱ्यात बघा. तिथे एक छोटा गोल असतो, त्यात कुणाच्या तरी नावाचं पहिलं अक्षर किंवा फोटो. तो गोल तुमचा नसेल तर काही न वाचता त्यावर क्लिक करून साइन आउट करा आणि बाईंना किंवा सरांना सांगा, 'अमुक मशीनवर खातं उघडं होतं.' चुगली नाही ही. ज्याचं राहिलं त्याला कळायला हवं.

न बघता तसंच काम सुरू केलं तर काय होतं? एका मुलीचा सगळा प्रकल्प असाच दुसऱ्याच्या गूगल ड्राइव्हमध्ये जाऊन बसला. जमा करायच्या दिवशी ही रडतेय आणि ज्याचं खातं होतं तो चिरंजीव लग्नाला गावी गेलेला.

पासवर्ड

खातं तयार करताना शाळा जो पासवर्ड देते तो बहुतेक वेळा अख्ख्या वर्गाला सारखाच असतो, किंवा हजेरी क्रमांकावरून ओळखता येतो. पहिल्याच दिवशी बदला. स्वतःचं नाव आणि पुढे १२३, जन्मतारीख, 'गणपती' आणि पुढे १०८, हे सगळं शेजारचा मुलगा तीन प्रयत्नांत ओळखतो. मी वर्गात करूनही दाखवते.

लांब पासवर्ड लक्षात राहत नाही, ही तक्रार खरी आहे. त्यावर उपाय असा, की एकमेकांशी काही संबंध नसलेले चार मराठी शब्द घ्यायचे आणि इंग्रजी अक्षरांत सलग लिहायचे. उदाहरणार्थ तलावपाळी, कढीपत्ता, आत्या, स्क्रू. डोळ्यांपुढे चित्र उभं राहतं, त्यामुळे विसरत नाही. लांबी वीस-बावीस अक्षरांच्या पुढे जाते. (हेच चार घेऊ नका. मागच्या वर्षी निम्म्या वर्गाने हेच घेतले.) विसरायची भीती असेल तर घरी डायरीत लिहा. वहीच्या मागच्या पानावर नको, वही वर्गभर फिरते.

एका मशीनवर तिघं असाल तर एक जण पासवर्ड टाकताना बाकीच्या दोघांनी मान वळवायची. एटीएमच्या रांगेत आपण करतो तसंच. सुरुवातीला मुलं हसतात, पंधरा दिवसांत सवय लागते.

आठवी-नववीत आणखी एक प्रकार चालतो. 'खरी मैत्रीण असशील तर पासवर्ड सांग.' मैत्री तुटल्यावर त्या पासवर्डचं काय होतं, ते मी पुष्कळदा निस्तरलंय. दुसऱ्याचा पासवर्ड लबाडीने वापरणं हा माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ६६सी खाली गुन्हा आहे. त्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. १८ वर्षांखालच्या मुलाचं प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जातं, पण जातं. 'गंमत केली' हे तिथे उत्तर होत नाही.

अकरावीच्या वेळी हा मुद्दा फार महागात पडू शकतो. २०२५ पासून अकरावीचा प्रवेश सगळ्या राज्यात ऑनलाइन झाला. फॉर्म भरायला कित्येक घरं सायबर कॅफेत जातात आणि लॉगिन, पासवर्ड एका कागदावर लिहून काउंटरवर देतात. तो कागद परत मागून घ्या आणि पासवर्ड स्वतः टाइप करा. घरी आल्यावर तो बदलून टाका. त्याच लॉगिनने तुमचा कॉलेजांचा पसंतीक्रम बदलता येतो.

पेनड्राइव्ह आणि झेरॉक्सचं दुकान

पेनड्राइव्ह लावला, उघडला, आणि सगळ्या फोल्डरवर कोपऱ्यात बारीक बाण दिसतोय? हात मागे घ्या. डबल क्लिक करू नका. मुलं याला 'शॉर्टकट व्हायरस' म्हणतात. खऱ्या फायली तो लपवून ठेवतो, त्यांच्या जागी त्याच नावाचे शॉर्टकट मांडतो आणि तुम्ही क्लिक केलंत की मशीनमध्ये शिरतो. फायली बहुधा जिवंत असतात, त्यामुळे घाबरून फॉरमॅटही मारू नका. तसाच काढून शिक्षकांना द्या.

आमच्याकडे हा पाहुणा येतो तो बहुतेक वेळा झेरॉक्सच्या दुकानातून. स्टेशनजवळच्या दुकानात दिवसभरात किती पेनड्राइव्ह एकाच मशीनला लागत असतील ते बघा, म्हणजे कळेल. प्रकल्पाच्या प्रिंटसाठी एक जुना, रिकामा पेनड्राइव्ह वेगळा ठेवा आणि त्यात फक्त पीडीएफ न्या. शाळेत न्यायचं काम गूगल ड्राइव्हवर टाका.

आधार कार्डाची फाइल दुकानाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवता ना? प्रिंट निघाल्यावर तिथेच उभं राहून म्हणायचं, 'काका, जरा डिलीट करा ना फाइल, रिसायकल बिनमधूनपण.' काका वैतागतात. वैतागू दे. जिथे चालत असेल तिथे मास्क्ड आधार वापरा. त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात.

लिंक उलटी वाचा

दहावीच्या निकालाच्या दिवशी ग्रुपवर लिंकांचा पाऊस पडतो. 'इथे बघा, सर्व्हर फास्ट आहे.' त्या आठवड्यात मी फळ्यावर एक पत्ता लिहिते आणि मुलांना तो उजवीकडून डावीकडे वाचायला लावते.

सुरुवातीच्या दोन तिरक्या रेघा सोडून द्या. त्यांच्यानंतरची पहिली एकटी तिरकी रेघ शोधा. ती नसेल तर पत्त्याचा शेवट धरा. तिथून मागे वाचत या. शेवटचे दोन-तीन शब्द म्हणजे त्या घराचं आडनाव. त्याच्या आधी असतं ते पाळण्यातलं नाव, ते कुणीही काहीही ठेवतो. मंडळाच्या निकालाचा जुना, ओळखीचा पत्ता 'महरिझल्ट डॉट एनआयसी डॉट इन'. आडनाव एनआयसी डॉट इन, ते सरकारी कामालाच मिळतं. आता समजा पत्ता आला 'महरिझल्ट डॉट एनआयसी डॉट इन डॉट झटपटनिकाल डॉट कॉम'. डावीकडून वाचणारा फसला. उजवीकडून वाचणाऱ्याला आधी 'झटपटनिकाल डॉट कॉम' भेटतं आणि घर दुसऱ्याचंच आहे हे कळतं. पत्त्यापाशी कुलूप दिसलं म्हणजे वाटेत कुणी चोरून वाचणार नाही, एवढंच. घरमालक सज्जन आहे असं ते कुलूप सांगत नाही.

निकाल बघायला, चलन भरायला किंवा लग्नाची पत्रिका उघडायला ग्रुपवर आलेली एपीके फाइल (मोबाइलमध्ये अ‍ॅप बसवणारी) कधीच बसवावी लागत नाही. अशी फाइल आली की ज्याच्या नंबरवरून आली त्याला फोन करा. बहुधा त्याचा मोबाइल आधीच भामट्यांच्या ताब्यात गेलेला असतो.

आणि शाळेच्या ईमेलने खेळांच्या साइटवर खाती उघडू नका. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालचे सगळेच 'बालक' धरलेत आणि त्यांची माहिती घ्यायला पालकांची संमती लागते असं म्हटलंय. 'मी १८ वर्षांचा आहे' या चौकोनात टिक करून तुम्ही स्वतःच ते कवच काढून ठेवता.

फोटो

फोटोत जो आहे त्याला विचारल्याशिवाय फोटो कुठेही टाकायचा नाही. बाईंचा स्टिकर बनवणंही यात आलं. (माझे तीन आहेत. एक बरा आहे.) गणवेशावरचा बिल्ला, मागे बसथांबा आणि खाली 'रोज साडेबाराला इथेच' असं लिहिलेला फोटो म्हणजे अनोळखी माणसाला दिलेलं वेळापत्रक.

तुमचा किंवा मैत्रिणीचा फोटो कुणी बिघडवून फिरवला, धमकी दिली, तर उत्तर देत बसू नका आणि चॅट डिलीट करू नका. मेसेज, नंबर, वेळ यांचे स्क्रीनशॉट काढा आणि त्याच दिवशी घरी किंवा शाळेत सांगा. फोटो अश्लील असेल तर मात्र तो स्वतःकडे साठवायचा नाही, पुरावा म्हणून कुणाला पाठवायचाही नाही, कारण मुलांचं तसलं चित्र बाळगणं आणि पाठवणं हाच मुळात गुन्हा आहे. नंबर आणि वेळ कागदावर लिहा, मोबाइल तसाच मोठ्यांच्या हातात द्या. मुलांसाठी १०९८ हा नंबर २४ तास चालतो. पैसे गेले असतील तर लगेच १९३०, ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन. तक्रार राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर करता येते, जवळच्या पोलीस ठाण्यातही. 'टेक इट डाउन' नावाची एक मोफत सेवा आहे. १८ वर्षांखालच्यांचे असे फोटो इन्स्टाग्राम, फेसबुकसारख्या ठिकाणांहून काढायला ती मदत करते. नाव सांगावं लागत नाही आणि फोटोही तुमच्या मोबाइलबाहेर जात नाही, त्याचा फक्त डिजिटल ठसा जातो.

पालकांना एकच विनंती, मुलगी सांगायला आली की पहिलं वाक्य 'तुला कुणी सांगितलं होतं फोटो काढायला?' हे नको. ते ऐकून ती पुढचं सांगायची थांबते.

एआय

थोडक्यात सांगते. आपलं किंवा दुसऱ्याचं नाव, फोटो, गुणपत्रिका एआयमध्ये टाकू नका, आणि आलेलं उत्तर पुस्तकाशी ताडून बघा. एकाने १६ एप्रिल १८५३ च्या बोरीबंदर ते ठाणे पहिल्या गाडीवर प्रकल्प आणला. त्या गाडीला साहिब, सिंध आणि सुलतान ही तीन इंजिनं होती, ठाण्याच्या पोरांना हे तोंडपाठ असतं. त्याच्या प्रकल्पात चौथंही होतं, वर त्याच्या रंगाचं वर्णन. 'कुठे सापडलं रे?' विचारलं तर म्हणाला, 'बाई, मला वाटलं तुम्हाला माहीत नसेल.'

उठताना

लाल फुली दाबली की खिडकी बंद होते, खातं बंद होत नाही. सगळा घोळ इथे आहे. म्हणून आधी गोलावर क्लिक करून साइन आउट. मग त्याच पानावर तुमचं खातं यादीत दिसत राहतं, ते 'काढून टाका' म्हणून काढा. मग डाउनलोडचं फोल्डर उघडून तुमच्या फायली उडवा आणि रिसायकल बिन रिकामा करा. पाणी प्यायला दोन मिनिटं उठणार असाल तर विंडोजचं बटण आणि एल एकत्र दाबा, पडदा लॉक होतो.

याहून सोपं म्हणजे बसतानाच क्रोमची गेस्ट खिडकी उघडायची. तिच्या सगळ्या खिडक्या बंद केल्या की खातं आणि इतिहास दोन्ही पुसले जातात. डाउनलोड केलेल्या फायली मात्र तशाच राहतात. आणि गेस्ट काय, इनकॉग्निटो (इतिहास न ठेवणारी खिडकी) काय, तुम्ही कुठल्या साइटवर गेलात ते शाळेच्या नेटवर्कपासून लपत नाही. दरवर्षी कुणीतरी हे स्वतः अनुभवून बघतं.

घरी गेल्यावर आठवलं, की साइन आउट राहिलं? मोबाइलवर गूगल खात्याच्या सुरक्षा विभागात 'तुमची डिव्हाइस' बघा, शाळेचं मशीन शोधा आणि तिथूनच साइन आउट करा. व्हॉट्सअ‍ॅप वेब राहिलं असेल तर मोबाइलमधल्या 'लिंक केलेली डिव्हाइस' मध्ये जाऊन लॉग आउट.

हे मी इतकं रंगवून सांगते त्याला कारण आहे. दोन वर्षांपूर्वी मी स्मार्टबोर्डावर व्हॉट्सअ‍ॅप वेबवरून एक फाइल काढली आणि तसंच ठेवून नववीला पासवर्डाची सुरक्षितता शिकवायला घेतली. बोर्डाच्या कोपऱ्यात, हातभर मोठ्या अक्षरांत, माझ्या नणंदेचा मेसेज आला: 'वहिनी, सुरमई ९०० म्हणतोय, घेऊ का? आईंना सांगू नका, श्रावण आहे.' ५४ मुलांनी तो एका सुरात मोठ्याने वाचला.

आता तास संपायच्या पाच मिनिटं आधी मी टेबलावर पट्टी आपटते. प्रत्येक ओळीतला एक जण उठून आपल्या ओळीच्या सगळ्या पडद्यांचा उजवा कोपरा बघून येतो आणि 'साफ' म्हणतो. शेवटी कुणीतरी माझ्या बोर्डाकडे बोट दाखवून विचारतंच, 'आणि बाई, तुमचं?'